सभागृहातले एक व्याख्यान नको, बारा तासिका द्या: मुंबईतल्या महाविद्यालयांचे प्राचार्य आणि प्लेसमेंट अधिकारी यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार,

पावसाळी सत्र सुरू झाले की नोटीसबोर्डावर एक कागद लागतो. ‘व्यक्तिमत्त्व विकास कार्यशाळा, सभागृह, ११ ते १, उपस्थिती अनिवार्य.’ तीनशे मुले सभागृहात बसतात. वक्ता चांगला असतो, विनोद जमतात, मध्येच सगळ्यांना उभे करून टाळ्या वाजवून घेतल्या जातात. शेवटी फीडबॅकचा फॉर्म फिरतो आणि त्यावर सगळे ‘उत्कृष्ट’ला टिक करतात, कारण फॉर्म दिल्याशिवाय हजेरी लागत नाही. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलला दोन फोटो आणि एक अहवाल मिळतो. पुढे तृतीय वर्षाला त्याच मुलांपैकी एखादीला मुलाखतीत साधा प्रश्न येतो, ‘एखादं काम हाताबाहेर गेलं तेव्हा तुम्ही काय केलंत?’ आणि ती गप्प होते. सांगण्यासारखे काही नसते असे नाही. केटी, म्हणजे नापास राहिलेला विषय, सोडवलेली असते, घरात आजारपण असताना पेपर दिलेले असतात, संध्याकाळी दुकानात उभे राहून फी भरलेली असते. त्यात आपण नेमके काय केले, हे कोणी तिच्यासोबत बसून कधी वेगळे काढलेले नसते.

आम्ही महाविद्यालयांत जीवनकौशल्यांचे वर्ग घेणारे समुपदेशक आणि प्रशिक्षक आहोत. आमची मागणी थोडक्यात अशी: हे एक व्याख्यान बंद करा आणि त्याऐवजी द्वितीय वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ४५ मिनिटांच्या बारा तासिका द्या, पंधराच्या बॅचमध्ये, शक्यतो तुमच्याच शिक्षकांकडून. बाहेरचा माणूस लागलाच तर शिक्षकांना तयार करण्यापुरता बोलवा. हे का, आणि कसे, ते पुढे लिहितो आहोत. पत्र लांबले आहे. टाईमटेबल करणाऱ्या समितीला वाचायला देता यावे म्हणून तपशील गाळलेले नाहीत.

आधी ‘का’. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडले की ‘हे मला जमेल’ हा विश्वास माणसात चार वाटांनी येतो. सर्वांत भक्कम वाट म्हणजे स्वतः करून पाहिलेले आणि जमलेले काम. दुसरी, आपल्यासारख्याच कोणाला तरी ते जमताना पाहणे. तिसरी, ‘तुला जमेल’ असे कोणीतरी सांगणे. चौथी, त्या क्षणीची शरीराची अवस्था आणि आपण तिचा लावलेला अर्थ: छातीत धडधडते म्हणजे मी घाबरट आहे, की अंग कामाला तयार होते आहे? आता सभागृह आठवा. तिथे जवळजवळ सगळा भार तिसऱ्या वाटेवर असतो आणि ती एकटी फार लांब नेत नाही. दुसरी वाट वक्त्याच्या यशोगाथेतून साधेल असे वाटते, पण टाय लावून आलेला वक्ता नालासोपाऱ्याहून येणाऱ्या मुलीला ‘आपल्यासारखा’ वाटत नाही. शेजारच्या बाकावरची मैत्रीण वाटते. पहिल्या वाटेला तर सभागृहात जागाच नाही, कारण तीनशे जणांना दोन तासांत काही करून बघता येत नाही.

दुसरे कारण असे की स्वभाव आणि कौशल्य यांची गल्लत होते. मानसशास्त्रात स्वभावाचे पाच मोठे पैलू मानले जातात: कामातली शिस्त, भावनिक स्थैर्य, बहिर्मुखता, जुळवून घेण्याची वृत्ती आणि नव्याची ओढ. हे वयाबरोबर बदलतात, पण सावकाश. कॉलेजच्या वर्गाने त्यांच्या मागे लागू नये. अबोल मुलाला बडबड्या करायचे नाही. त्याला योग्य वेळी चार वाक्ये नीट बोलता आली की पुरते, आणि ती चार वाक्ये शिकवता येतात. जागतिक आरोग्य संघटनेने नव्वदच्या दशकात दहा जीवनकौशल्ये सांगितली. निर्णय घेणे, अडचण सोडवणे, संवाद, समानुभूती, भावना आणि ताण हाताळणे वगैरे अशी ती यादी आहे आणि तिच्यातली प्रत्येक गोष्ट करण्याची आहे, असण्याची नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचा (यूजीसी) ‘जीवन कौशल्य’ अभ्यासक्रमही २०१९ मध्ये आला. त्यामुळे कागद आहेत. उणीव आहे ती सरावाच्या तासांची.

अमुक एकच गुण असला की माणूस सगळ्यातून तरतो, हे विकणारे फार झाले आहेत, त्यांच्यापासूनही सावध राहायला हवे. अँजेला डकवर्थ यांनी २००७ मध्ये चिकाटीची मोजपट्टी मांडली आणि जगभर तिच्यावर शिबिरे निघाली. नंतर अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसले की ती मोजपट्टी बहुतांशी जुन्या ‘कामातल्या शिस्ती’चेच माप घेते. थांबलो तर आणखी एक मिळेल म्हणून समोरची गोड गोळी लगेच न खाता थांबणाऱ्या लहान मुलांचा प्रसिद्ध प्रयोग तर प्रत्येक वक्ता सांगतो. २०१८ मध्ये मोठ्या संख्येच्या मुलांवर तो पडताळला, तेव्हा पुढच्या यशाशी असलेले नाते बरेच लहान निघाले आणि घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर आणखी आक्रसले. ज्या मुलाच्या घरात उद्या गोळी मिळेलच याची खात्री नाही, त्याने आज खाल्ली तर त्यात अविचार कोणता?

आता ‘कसे’. बारा तासिकांत सगळी दहा कौशल्ये कोंबू नका. आम्ही पाचच गोष्टी धरतो, आणि त्यातही दोन गोष्टींना निम्म्याहून जास्त वेळ देतो.

त्यातली पहिली म्हणजे अडचणीची फोड. रिचर्ड लॅझरस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ मध्ये ताण हाताळण्याच्या दोन तऱ्हा सांगितल्या. एकीत माणूस अडचणीवरच काम करतो, दुसरीत अडचणीने मनात उठलेल्या खळबळीवर. दोन्ही लागतात. जिथे काही करता येते तिथे नुसते मन शांत करत बसणे, किंवा जिथे काहीच हातात नाही तिथे डोके आपटत राहणे, यात माणूस थकतो. वर्गात यासाठी एक प्रसंग द्या. सकाळी साडेदहाचा पेपर, मुलगी बदलापूरहून येते, ठाकुर्लीच्या पुढे गाडी उभी राहिली आहे. प्रत्येकाने कागदाचे दोन भाग करायचे: ‘माझ्या हातात’ आणि ‘हातात नाही’. वेळ सात मिनिटे. मग शेजाऱ्याशी कागद बदलायचा.

इथे हमखास काय बिघडते ते सांगतो. ‘माझ्या हातात’ या बाजूला मुले लिहितात, ‘टेन्शन घेणार नाही’, ‘पॉझिटिव्ह राहीन’. हे काम नव्हे. शिक्षकाने एकच कसोटी लावायची: यात क्रियापद आहे का, वेळ आहे का, आणि समोर कोणी माणूस आहे का? ‘दहा मिनिटांत गाडी हलली नाही तर वर्गप्रतिनिधीला फोन करून परीक्षा विभागाला कळवायला सांगेन’ हे चालेल. ‘एम-इंडिकेटरवर (लोकलच्या वेळा दाखवणारे अ‍ॅप) बघेन’ हे अर्धेच आहे. बघून काय करणार? आणि ‘पेपरला किती मिनिटे उशीर चालतो हे आदल्या दिवशीच विचारून ठेवेन’ असे लिहिणारी मुलगी सगळ्यांच्या पुढे आहे, तिचा कागद मोठ्याने वाचून दाखवा.

या ‘जर-तर’ वाक्यांमागे पुरावा आहे. पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये दाखवले की ‘मी अभ्यास करीन’ यापेक्षा ‘रात्री जेवण झाले की ताट ठेवून लगेच लेजरची वही उघडेन’ असे प्रसंगाला बांधलेले वाक्य जास्त वेळा पार पडते. २००६ पर्यंतच्या ९४ अभ्यासांचा एकत्र विचार केल्यावरही परिणाम मध्यम ते मोठा निघाला. कारण साधे आहे: ऐन वेळी विचार करायला डोके मोकळे नसते, तेव्हा आधी ठरलेले वाक्य आपोआप पुढे येते. पण एका मुलाला दहा ‘जर-तर’ देऊ नका, त्यातले एकही आठवत नाही. आठवड्याला एक पुरे, आणि पुढच्या तासिकेच्या पहिल्या पाच मिनिटांत ‘झाले की नाही’ एवढेच विचारायचे. नाही झाले तर वाक्य बदलायचे, मुलाला बोल लावायचा नाही. बहुतेक वेळा ‘जर’ चुकलेला असतो. त्याने रात्री आठची वेळ धरलेली असते आणि आठला तो अजून गाडीतच असतो.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे वरच्या माणसाला अप्रिय बातमी सांगणे. नोकरीच्या पहिल्या तीन महिन्यांत मुले सर्वांत जास्त इथे अडतात असे आमचे मत आहे, आणि कॉलेजात याचा सराव जवळजवळ कुठेच होत नाही. उलट तीन वर्षे गप्प बसण्याचाच होतो.

या कौशल्याचे सर्वांत खडतर शिक्षण विमानक्षेत्रात झाले. २८ डिसेंबर १९७८ रोजी अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचे १७३ क्रमांकाचे विमान चाकांच्या बिघाडाची उकल करत सुमारे तासभर घिरट्या घालत राहिले. इंधन संपत आले आहे हे कॉकपिटमधल्या सहकाऱ्यांना दिसत होते. त्यांनी ते सुचवलेही, पण कॅप्टनला हलवेल इतक्या ठामपणे सांगितले नाही. इंजिने बंद पडली, विमान कोसळले, १८९ पैकी दहा माणसे गेली. पुढच्या वर्षी नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ मध्ये त्याच कंपनीने वैमानिकांचे संघ-प्रशिक्षण सुरू केले. जे तोवर ‘स्वभाव’ समजले जात होते, म्हणजे धीटपणा, स्पष्टवक्तेपणा, ऐकून घेणे, ते सगळे पायऱ्यांत मांडून सिम्युलेटरमध्ये घोटून घेता येते, हे तेव्हापासून जगभर मान्य झाले. त्यातली बोलण्याची पद्धत पाच पायऱ्यांची आहे: नावाने किंवा पदाने हाक, आपली काळजी, दिसलेली अडचण, सुचवलेला उपाय, आणि होकार मागणे.

ती आपल्याकडे कशी उतरते ते पाहा. प्रसंग अंधेरीतल्या एका हिशेब-कचेरीचा, तारीख १८. क्लायंटचे जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचे मासिक रिटर्न, २० तारखेला भरायचे आहे. नवी लागलेली मुलगी खरेदीचे रजिस्टर आणि १४ तारखेला आलेले २बी, म्हणजे सप्लायरनी दाखवलेल्या आणि करवजावट (क्रेडिट) मिळू शकणाऱ्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी, ताडून बघते, तर तीन बिले २बी मध्ये नाहीत. मॅडम फोनवर आहेत, घाईत आहेत.

‘मॅडम, दोन मिनिटं हवीत, आत्ताच.’ ‘मला या रिटर्नची काळजी वाटतेय.’ ‘तीन बिलांचं मिळून ४२ हजारांचं क्रेडिट आपल्या रजिस्टरमध्ये आहे, २बी मध्ये दिसत नाही. तसंच भरलं तर ते व्याजासकट परत करावं लागेल.’ ‘ही तीन बिलं या महिन्यात वगळू या. मी तिन्ही सप्लायरना आज फोन करते, त्यांनी रिटर्नमध्ये टाकली की पुढच्या महिन्यात घेता येतील.’ ‘असं करू का?’

वाचायला वीस सेकंदही लागत नाहीत. बोलायला लावा, मग बघा. निम्मी मुले सुरुवातच ‘सॉरी मॅडम, मला नीट माहीत नाही, पण...’ अशी करतात. त्यावर मॅडम धीर देतात आणि मुद्दा तिथेच मरतो. काही जण इशाऱ्यावर भागवतात: ‘मॅडम, ते २बी एकदा बघायचं होतं का?’ काही जण अडचण नीट सांगतात आणि उपायाच्या पायरीवर थांबतात. मग वरच्या माणसाला वाटते, हिने काम माझ्या टेबलावर आणून टाकले. सर्वांत जास्त गळते ती शेवटची पायरी. होकार न मागता मुलगी जागेवर जाऊन बसते, मॅडम विसरतात, आणि २१ तारखेला ‘मी सांगितलं होतं’ आणि ‘मला कोणी सांगितलं नाही’ अशी जुंपते. रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक मेसेज टाकणे म्हणजे सांगणे नव्हे, हेही शिकवावे लागते.

‘बघू नंतर’ असे उत्तर आले तर? आवाज चढवायचा नाही. तेच तथ्य पुन्हा, या वेळी वेळेसकट: ‘मॅडम, परवा शेवटची तारीख आहे. आज सहाच्या आत ठरलं तर सप्लायर फोनवर सापडतील.’ तरीही टाळले तर तीन ओळींचा ईमेल. इथे काही शिक्षक हरकत घेतात की हे उद्धटपणाकडे झुकते. आम्हाला तसे वाटत नाही. ‘अहो-जाहो’ आहे, ‘मॅडम’ आहे, आवाज खाली आहे. आदर शब्दांत ठेवता येतो, त्यासाठी मोघमपणा लागत नाही.

या सरावाची बांधणी नीट केली नाही तर त्याचे स्नेहसंमेलन होते, म्हणून मिनिटांचा हिशेब देतो. तिघांचा गट: एक बोलणारा, एक साहेब, एक निरीक्षक. आधी पाच मिनिटांत गेल्या आठवड्याचा आढावा, मग दहा मिनिटे शिक्षक आणि एक विद्यार्थी मिळून प्रात्यक्षिक. नंतर तीन फेऱ्या, प्रत्येकी सात मिनिटांच्या: तीन मिनिटे प्रसंग, चार मिनिटे निरीक्षकाचे बोलणे. म्हणजे तिन्ही जण तिन्ही जागी बसतात आणि एकवीस मिनिटे होतात. उरलेल्या नऊ मिनिटांत प्रत्येकाने आपले एक वाक्य सुधारून लिहायचे. साहेबाला सूचना एकच: दोनदा मध्ये तोडायचे, पण टिंगल करायची नाही. पहिल्याच आठवड्यात साहेब फार कडक केला तर अबोल मुले कायमची मिटतात. कडकपणा चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून वाढवा. सुरुवातीला जमेल इतकेच अवघड ठेवायचे, कारण आपल्याला बांडुरांची पहिली वाट हवी आहे, जमल्याचा अनुभव.

निरीक्षकाच्या हातात पोस्टकार्डाएवढे कार्ड द्या. त्यावर पाच पायऱ्या आणि समोर रिकामी जागा. त्याने मार्क द्यायचे नाहीत, ऐकलेले वाक्य जसेच्या तसे लिहायचे. ‘छान होतं, कॉन्फिडन्स हवा’ हा शेरा बाद. ‘उपाय सांगितलास, पण “करू का” विचारलं नाहीस’ हा शेरा पास. निरीक्षकाच्या चार मिनिटांत मुले जेवढे शिकतात तेवढे बोलण्याच्या तीन मिनिटांतही शिकत नाहीत, म्हणून वेळ कमी पडला तर फेरी कापा, निरीक्षण कापू नका.

भाषेचा मुद्दा इथेच सांगितला पाहिजे. मुंबईत ‘सॉफ्ट स्किल’ म्हणजे झोकदार इंग्रजी, असा समज प्लेसमेंट सेलपासून पालकांपर्यंत घट्ट बसला आहे. त्यापायी मराठी, हिंदी, उर्दू माध्यमातून आलेली मुले वर्षभर उच्चार घोटतात आणि मूळ कौशल्याला हातच लागत नाही. पहिले आठ आठवडे प्रसंग ज्याला ज्या भाषेत जमेल त्या भाषेत होऊ द्या. नवव्या आठवड्यापासून तेच प्रसंग इंग्रजीत. आशय आणि क्रम आधीच पक्का असल्याने मुलीला तेव्हा फक्त शब्द शोधायचे असतात. दोन्ही गोष्टी एकदम मागितल्या तर ती दोन्हीकडे अडखळते आणि तिच्या नावावर ‘आत्मविश्वास नाही’ अशी नोंद होते. इंग्रजीचा वर्ग जरूर असावा, तो वेगळा विषय आहे.

उरलेल्या तीन गोष्टींना एकेक-दोनदोन तासिका पुरतात.

ऐकून परत सांगणे. विमान आणि नियंत्रण कक्ष यांच्यात सूचना मिळताच ती परत म्हणून दाखवायची रीत आहे. वर्गात फोनवर पाच तपशिलांची सूचना द्या: पत्ता, वेळ, रक्कम, माणसाचे नाव, आणि एक ‘हे करू नका’. ऐकणाऱ्याने परत सांगायची. बहुधा ‘करू नका’ तेवढे गळते.

मनातले वाक्य तपासणे. अल्बर्ट एलिस यांची पद्धत महाराष्ट्रात विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणून अनेकांना ठाऊक आहे: प्रसंग आणि परिणाम यांच्या मध्ये आपले एक वाक्य असते, आणि ते बहुतेकदा अतिरेकी असते. केटी लागली हा प्रसंग. ‘मी कुठल्याच कामाचा नाही’ हे वाक्य. चार दिवस कॉलेजला दांडी हा परिणाम. इथली नेहमीची चूक म्हणजे मुलाला त्या वाक्याच्या जागी गोड वाक्य देणे. ‘सगळं छान होईल’ यावर त्याचा स्वतःचाच विश्वास नसतो. हवे ते खरे वाक्य: ‘एका विषयात केटी आहे, बाकीचे सुटले आहेत, फॉर्मची तारीख अजून गेलेली नाही.’ जुने वाक्य फोडून पाहिल्यावर रडू आले तर येऊ द्या. ‘स्ट्राँग राहा’ म्हणून भावना दाबायला लावू नका. जेम्स ग्रॉस आणि जेन रिचर्ड्स यांनी २००० मध्ये दाखवले की चेहऱ्यावर भावना दिसू न देण्याचा खटाटोप करणाऱ्यांना त्या वेळचे तपशील कमी आठवतात. पेपर किंवा मुलाखतीच्या ऐन वेळी ही किंमत परवडणारी नाही.

आणि शरीर. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असे दोन मिनिटे, म्हणजे साधारण बारा श्वास. लक्ष बाहेर सोडण्यावर. मुले ‘दीर्घ श्वास’ म्हटले की छाती फुगवून भराभर श्वास ओढतात, मग गरगरते, आणि ‘आमच्यावर उलटंच झालं’ म्हणतात. गरगरले तर मोजणे सोडून नेहमीसारखा श्वास घ्यायचा. हे परीक्षेच्या दारात पहिल्यांदा शिकवण्यात अर्थ नाही. प्रत्येक तासिकेच्या सुरुवातीला, आढाव्याच्या पाच मिनिटांतच, दोन मिनिटे केले तर बाराव्या आठवड्यापर्यंत हाताशी येते.

मुले एकदा बोलायला लागली की काही जण बारा तासिकांच्या पलीकडचे बोलतील, आणि तिथे शिक्षकाला आपली मर्यादा माहीत हवी. कोणी जिवाचे बरेवाईट करण्याबद्दल बोलले, आडून जरी बोलले, तर सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जात नाही. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नका, एकटे सोडू नका, त्याच दिवशी समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे पोचवा. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक निरीक्षणाच्या कार्डाच्या मागच्या बाजूला छापा.

शिक्षक कोण असावा? बॅच एकदा दिली की बारा आठवडे तोच. हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके मागोवा घेतला. अनेक प्रतिकूल गोष्टी एकत्र आलेल्या मुलांपैकीही सुमारे एक तृतीयांश मुले नीट उभी राहिली, आणि त्यांच्यात वारंवार आढळलेली एक गोष्ट म्हणजे भरवशाचा एक तरी मोठा माणूस, आईवडील नसले तर आजी, शेजारी, शिक्षक. दर आठवड्याला नवा ‘रिसोर्स पर्सन’ आणल्याने ही शक्यताच संपते. विषय कोणता शिकवतो याला महत्त्व नाही. गप्प बसू शकणारा शिक्षक निवडा. प्रसंग चालू असताना मध्ये पडून भाषण देणाऱ्याची बॅच पहिल्या महिन्यातच श्रोते होऊन बसते.

टाईमटेबलचे गणित तितके भयंकर नाही. १२० विद्यार्थ्यांच्या वर्गाच्या आठ बॅच होतात. चार शिक्षकांनी दोन-दोन घेतल्या तर आठवड्याला आठ तासिका, एकूण सहा तास. खोली अशी हवी की बाक हलतात. खिळलेल्या बाकांच्या वर्गात तिघांचे गट होत नाहीत, त्यापेक्षा प्रॅक्टिकल संपलेली लॅब किंवा दुपारनंतरचे रिकामे कँटीन बरे. शेवटची तासिका मात्र देऊ नका. कसारा, कर्जत, विरार, पनवेलची मुले गाडी धरतात, पार्ट टाइमवाली शिफ्टला पळतात, आणि ज्यांना या सरावाची सर्वांत जास्त गरज आहे तीच गैरहजर राहतात. शनिवारीही नको.

मूल्यमापनाबद्दल एक इशारा. आधी आणि नंतर प्रश्नावली भरून घेऊन ‘आत्मविश्वास इतक्या टक्क्यांनी वाढला’ असा आलेख काढायचा मोह होईल. तो फसवा असतो, आणि दोन्ही बाजूंनी. काही मुले काय लिहिल्यावर तुम्ही खूश व्हाल हे ओळखून लिहितात. उलट ज्यांनी मनापासून सराव केला त्यांचे गुण कधी घसरतात, कारण चांगले ऐकणे कशाला म्हणतात हे आता कळलेले असते आणि मुले स्वतःला जास्त कडक मापाने मोजतात. त्यापेक्षा पहिल्या आणि अकराव्या आठवड्याला सारख्याच अवघडपणाचा एक प्रसंग द्या, तेच पाच पायऱ्यांचे कार्ड भरा, आणि किती पायऱ्या आल्या एवढेच मोजा. नॅकच्या फाइललाही हे जास्त शोभते. या गुणांचा इंटर्नलच्या मार्कांशी संबंध जोडू नका. मार्क आले की मुले संवाद पाठ करून येतात.

एक कटू गोष्टही लिहितो. सहनशक्तीचे शिक्षण हे संस्थेच्या ढिलाईवरचे पांघरूण होऊ नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोक कंबरभर पाण्यातून चालत घरी गेले, आणि तेव्हापासून प्रत्येक पावसाळ्यात ‘मुंबई स्पिरिट’चे गोडवे गायले जातात. नाल्यांचे काय, हा प्रश्न त्यात बुडतो. कॉलेजात याची छोटी आवृत्ती रोज घडते. हॉल तिकिटावर नाव चुकीचे छापले, मुलगा तीन खिडक्या फिरला, चौथ्या दिवशी वैतागून मोठ्याने बोलला, की त्याला ‘अ‍ॅटिट्यूड’ आहे म्हणून समुपदेशकाकडे पाठवले जाते. त्याला आमची गरज नसते, एका चालू खिडकीची असते. वर्ग सुरू करण्याआधी परीक्षा विभाग आणि शिष्यवृत्तीच्या खिडकीवर ‘कोणत्या कामाला कोणाकडे, किती दिवसांत’ असा एक कागद लावा. मुलांचा निम्मा ताण त्यानेच उतरेल असा आमचा अंदाज आहे, आणि ‘माझ्या हातात काय’ हा सराव मग खऱ्या जगात करून पाहता येईल.

पाहुण्या वक्त्याचे या वर्षीचे निमंत्रण गेले असेल तर रद्द करू नका. त्यांना बाराव्या आठवड्यात बोलवा आणि व्याख्यानाऐवजी एका बॅचमध्ये साहेबाच्या खुर्चीत बसवा. मानधनाच्या रकमेतून कार्डे छापून होतील.

प्रसंग मात्र आमच्याकडून तयार मागू नका. गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या तुमच्याच विद्यार्थ्यांना एक साधा फॉर्म पाठवा: नोकरीच्या पहिल्या तीन महिन्यांत कोणत्या क्षणी काय बोलावे ते सुचले नाही? कंपनीचे आणि माणसांचे नाव काढून टाका, बाकी वाक्ये त्यांच्याच शब्दांत राहू द्या. कुरिअरच्या गोदामातला मुलगा, रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरवरची मुलगी, विम्याचे टार्गेट घेऊन फिरणारा, यांचे प्रसंग एकमेकांसारखे नसतात, आणि ते तुमच्या कॉलेजच्या मुलांना जितके ओळखीचे वाटतील तितके बाहेरच्या कुठल्याही पुस्तकातले वाटणार नाहीत. फॉर्म मेमध्ये गेला तर जूनच्या टाईमटेबलपर्यंत बारा आठवड्यांना पुरतील इतके प्रसंग जमतात.

आपले,
जीवनकौशल्यांचे वर्ग घेणारे समुपदेशक व प्रशिक्षक
मुंबई